हमिंग जातं आणि परत येतं: साउंड सिस्टीममधला नको असलेला आवाज कसा शोधायचा

केबल बदलली, हमिंग गेलं. काही दिवसांनी परत आलं. मग प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिला, पुन्हा शांत. नंतर कीबोर्ड जोडला आणि पहिल्यापेक्षा जोरात सुरू झालं. ही तक्रार ज्यांची आहे त्यांच्याकडचं एकही उपकरण बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. तुम्ही काहीतरी हलवता तेव्हा नको असलेल्या करंटची वाट बदलते आणि आवाज दबतो. करंट तिथेच असतो. पुढची जोडणी बदलली की तो पुन्हा सिग्नलच्या वाटेवर येतो.

म्हणून आधी एक विनंती. कारण सापडेपर्यंत काही विकत घेऊ नका. नॉइज गेट आवाज घालवत नाही, तुम्ही गप्प असताना तेवढा झाकतो. बोलायला लागलात की तो मागून ऐकू येतोच. पॉवर कंडिशनर मेन्समधून, म्हणजे सॉकेटच्या विजेतून, येणारा कचरा गाळतो, पण दोन उपकरणांच्या अर्थिंग आणि केबलच्या शील्डमधून (तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) फिरणाऱ्या करंटला, म्हणजे ग्राउंड लूपला, तो अडवू शकत नाही. आणि महागड्या केबलने ग्राउंड लूप सुटत नाही.

आधी ऐका

लॅपटॉपच्या किंवा छोट्या स्पीकरवर ऐकून निदान करू नका. ५० हर्ट्झ तिथे वाजतच नाही, फक्त वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याचे पट, ऐकू येतात आणि तुम्ही चुकीच्या गोष्टीच्या मागे लागता. चांगला हेडफोन लावा.

मेन्सचं हमिंग खोल, गोल आणि एका सुरात असतं. वीज ५० हर्ट्झची असेल तर तो सूर बेस गिटारच्या सर्वात जाड तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटजवळ येतो, म्हणजे खालच्या 'जी'च्या आसपास. ६० हर्ट्झच्या देशांत थोडा वर. सूर तोच पण आवाज दातेरी, भणभणणारा असेल, तर त्यात वरचे हार्मोनिक्स भरपूर आहेत. असं बझिंग डिमर, स्वस्त एलईडी दिवे, स्विचिंग अडॅप्टर किंवा तुटलेल्या शील्डकडे बोट दाखवतं. हिस म्हणजे 'सूं' असा सूर नसलेला आवाज, त्याचं कारण बहुतेक वेळा गेनमध्ये, म्हणजे सिग्नल कुठे किती वाढवलाय त्यात, असतं. खरखर आणि कडकड म्हणजे कुठेतरी कॉन्टॅक्ट हलतोय. एकसारखी टिकटिक किंवा बारीक शिट्टी आली तर डिजिटल बाजूकडे पाहा.

कानावर भरवसा नसेल तर तीसेक सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीमध्ये 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा. साइझ १६३८४ किंवा त्याहून मोठी ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ ची साइझ ठेवली तर दोन बिंदूंमधलं अंतर जवळपास ४७ हर्ट्झ होतं, म्हणजे ५० आणि १०० वेगळे दिसायलाच अडचण. १६३८४ ला ते अंतर ३ हर्ट्झच्या आत येतं.

आता शिखरं कुठे आहेत ते बघा. ५० सर्वात उंच आणि मागे १००, १५०, २०० उतरत गेलेले असतील तर ग्राउंड लूप किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. ५० जवळपास नाहीच, पण १००, २००, ३०० ठळक असतील तर एखाद्या उपकरणाच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर थकलेत. रेक्टिफायर मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा रिपल देतो आणि वाळलेला कपॅसिटर तो गाळू शकत नाही. वीस-पंचवीस वर्षं जुन्या अँपमध्ये हे नेहमीचं आहे. तिथे कितीही केबल बदलल्या तरी फरक पडणार नाही, अँप दुरुस्तीला द्यावा लागेल. २१७ हर्ट्झ आणि त्याचे पट दिसले तर जवळ २जी नेटवर्कवरचा मोबाइल आहे. जीएसएमची फ्रेम ४.६१५ मिलिसेकंदांची, त्यामुळे फोन सेकंदाला २१७ वेळा धडका देतो. फोन लांब ठेवा, विषय संपला. १०००, २०००, ३००० हर्ट्झ अशी शिडी किंवा ८००० वर सुईसारखं शिखर असेल तर ते यूएसबीचं. जुन्या फुल-स्पीड यूएसबीची फ्रेम १ मिलिसेकंदाची आणि हाय-स्पीडची मायक्रोफ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची असते, त्याच ठोक्यांवर करंट कमीजास्त होतो आणि तो ऑडिओच्या ग्राउंडमध्ये उतरतो.

आधी नॉब फिरवा, मग केबल काढा

बहुतेक जण लगेच केबल उपटायला लागतात. त्याआधी फेडरने अर्धं काम होतं.

मास्टर फेडर पूर्ण खाली करा. आवाज तसाच राहिला तर तो फेडरच्या पुढे कुठेतरी शिरतोय: मिक्सर ते अँपची केबल, अँप, किंवा पॉवर्ड स्पीकर. मिक्सरच्या आधी काय जोडलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. आवाज गेला तर मागे जा. एकेक चॅनल म्यूट करून कोणत्या चॅनलवर आहे ते बघा. सापडला की त्या चॅनलचा गेन फिरवा. गेनबरोबर आवाज वाढत असेल तर तो प्रीअँपच्या (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटच्या) आधी, म्हणजे माइक, केबल किंवा सोर्समध्ये. गेनने काहीच होत नाही पण चॅनल फेडरने होतं, तर प्रीअँप आणि फेडरच्या मध्ये. तिथे इन्सर्टवर काही लावलंय का ते आधी पाहा. पाच मिनिटांत साखळीचा एकच तुकडा उरतो.

आता केबल काढायची. आवाज आधी खाली करा, फँटम पॉवर (मिक्सरमधून माइकला जाणारी वीज) बंद करून काही सेकंद थांबा आणि शेवटच्या उपकरणापासून सुरुवात करा. अँपच्या इनपुटला काहीच नाही आणि तरी भणभणतोय? दोष अँपचा. गप्प आहे? पुढची कडी जोडा. एका वेळी एकच बदल, दोन नाहीत.

इथे एक मोठा चकवा आहे आणि हमिंग परत परत येण्याचं निम्मं कारण त्यात दडलंय. ग्राउंड लूपची कुठलीही एक कडी सोडली की लूप तुटतो आणि आवाज थांबतो. कीबोर्ड काढला, हमिंग गेलं. म्हणून कीबोर्ड दोषी ठरत नाही. लॅपटॉप काढला असता तरी गेलंच असतं. असे कितीतरी कीबोर्ड आणि इंटरफेस विनाकारण बदलले जातात, आणि नवीन आणलेला त्याच जागी जोडला की पुन्हा तोच सूर.

खरा दोषी वेगळा काढायला 'डमी' नावाचं एक छोटं साधन बनवून ठेवा. एक प्लग आणि एक सॉकेट पाठीला पाठ लावून अडॅप्टर करायचा: शील्ड सरळ पुढे जोडलेली, सिग्नलची तार मात्र मध्ये तोडलेली, आणि दोन्ही बाजूंना टिप आणि स्लीव्हमध्ये १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर. यातून सिग्नल जात नाही, ग्राउंड जातं. समजा मिक्सरची अनबॅलन्स्ड केबल (सिग्नलची एकच तार आणि शील्ड असलेली) अँपला जाते आहे. पहिल्यांदा नुसता डमी अँपच्या इनपुटमध्ये लावा, केबल नको. शांतता मिळायला हवी. नाहीतर अँप किंवा त्याच्या पुढचं बघा. डमी तिथेच ठेवून त्यात केबल लावा. आता सिग्नल येतच नाही, फक्त ग्राउंड जुळलंय. तरी हमिंग सुरू झालं, तर ग्राउंडचा करंट अँपच्या आत चुकीच्या वाटेने जातोय. शांत राहिला तर डमी काढून केबल थेट अँपला लावा आणि डमी तिच्या दुसऱ्या टोकाला जोडा, मिक्सरला काहीही टेकू न देता. आता आवाज आला तर केबल वाटेत काहीतरी पकडतेय, तिचा मार्ग बदला. शेवटी डमीसकट ती मिक्सरच्या आउटपुटमध्ये घाला. इथे हमिंग आलं तर दोष केबलच्या शील्डमधून वाहणाऱ्या करंटचा. चार पायऱ्या, आणि प्रत्येक उत्तराचा इलाज वेगळा. काम झालं की डमी खिशात टाका, विसरून जोडलेला राहिला तर 'सिग्नलच येत नाही' ही नवी तक्रार तयार होते.

शील्डमधला करंट इतकं काय बिघडवतो

अनबॅलन्स्ड केबलमध्ये शील्डला दोन कामं असतात: बाहेरचा कचरा अडवणं आणि सिग्नलची परतीची तार होणं. दोन्ही उपकरणांच्या चासीवर, म्हणजे धातूच्या खोक्यावर, थोडं वेगळं व्होल्टेज असतं. अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या अडॅप्टरमध्येही आतल्या कपॅसिटरमधून थोडी गळती होतेच; चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवर बोट फिरवलं की झिणझिण जाणवते ती हीच. मधे केबल जोडली की हा फरक शील्डमधून करंट ढकलतो.

हिशेब करून बघा. शील्ड आणि कनेक्टरचा मिळून रोध १ ओहम, आणि करंट फक्त ३१६ मायक्रोअँपिअर. शील्डच्या दोन टोकांत ३१६ मायक्रोव्होल्ट पडतात. −१० डीबीव्हीची लाइन (घरगुती उपकरणांची नेहमीची सिग्नल पातळी) म्हणजे ३१६ मिलिव्होल्ट. म्हणजे हमिंग सिग्नलच्या फक्त ६० डीबी खाली, शांत जागेत सहज ऐकू येणारं. करंट मिलिअँपिअरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही, पण तो सिग्नलच्याच वाटेत बेरीज होऊन बसतो. हा हिशेब एकदा पटला की इलाजही उघड होतात: केबल आखूड करा, जाड शील्डची घ्या, कनेक्टर घट्ट करा म्हणजे रोध कमी, सगळ्या ऑडिओ उपकरणांना एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून वीज द्या म्हणजे चासीमधला फरक कमी, किंवा मधे ट्रान्सफॉर्मर घालून वाटच तोडा.

लॅपटॉपबद्दल एक झटपट चाचणी: चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. हमिंग तत्क्षणी गेलं तर निदान झालं. कायम बॅटरीवर चालवणं हा इलाज नाही. लॅपटॉपच्या हेडफोन आउटपुटमधून मिक्सरला जात असाल तर मधे दोन चॅनलचा डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी) घाला आणि त्याचं ग्राउंड लिफ्ट दाबा. डीआय पॅसिव्ह, ट्रान्सफॉर्मरवाला हवा. अॅक्टिव्हपैकी बऱ्याच मॉडेलांत ग्राउंड खरोखर वेगळं होत नाही. बॅलन्स्ड आउटपुटचा इंटरफेस असेल तर बहुधा त्याचीही गरज पडत नाही. यूएसबी आयसोलेटर घेणार असाल तर तो किती वेगाचा आहे ते पाहा. बरेच फक्त १२ मेगाबिटचे असतात आणि ४८० मेगाबिट मागणारा इंटरफेस त्यावर चालणारच नाही.

आणि हे कितीदा सांगितलं तरी कमीच: थ्री-पिन प्लगची अर्थ पिन कापू नका, त्यावर टेप लावू नका, अर्थ तोडणारा अडॅप्टर लावू नका. हमिंग थांबतं, हे खरं. पण उद्या त्या अँपमध्ये लाइव्ह तार चासीला टेकली तर फ्यूज उडायला वाटच उरत नाही. हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला टेकलेले, अशा माणसातून तो करंट जातो. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट सिग्नलची शील्ड सोडतं, विजेची अर्थिंग सोडत नाही. दोन्ही सारखंच, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

बॅलन्स्ड असूनही हमिंग

बॅलन्स्ड लाइनमध्ये दोन तारांवर सारखाच कचरा चढतो आणि इनपुट त्यांची वजाबाकी करतो, म्हणून तो गळून पडतो. यासाठी दोन्ही तारांना दिसणारा रोध सारखा हवा. एका पिनचं सोल्डरिंग ड्राय झालं की हा तोल जातो: सिग्नल येत राहतो, पातळी थोडी पडते आणि हमिंग शिरतं. 'केबल चालतेय ना' म्हणून आपण तिच्यावर संशय घेत नाही. मल्टिमीटरने एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरच्या) १, २, ३ या तिन्ही पिना टोकापासून टोकापर्यंत तपासा, केबल हलवत हलवत.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे बॅलन्स्ड इनपुटला साधा मोनो जॅक लावलेला असणं. साखळीत एक जरी तुकडा असा असला तरी तिथे बॅलन्सिंग संपलं. अनबॅलन्स्ड आउटपुटमधून बॅलन्स्ड इनपुटला जायचंच असेल तर दोन तारा आणि शील्ड अशी केबल वापरा: पहिली तार टिपपासून हॉटला, दुसरी स्लीव्हपासून कोल्डला, आणि शील्ड स्लीव्हपासून पिन १ ला. शील्डमधला करंट मग सिग्नलच्या तारेतून जात नाही. सोल्डरिंग येत असेल तर या एका केबलने ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचतो.

तरीही येत असेल तर उपकरणाच्या आतल्या वायरिंगचा प्रश्न असू शकतो. काही उपकरणांत पिन १ चासीला न जोडता सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे शील्डवरचा कचरा थेट आत जातो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हा 'पिन वन प्रॉब्लेम' नीट मांडला, आणि २००५ च्या एईएस४८ या मानकाने शील्ड चासीला जोडा असंच सांगितलं. वर डमीच्या दुसऱ्या पायरीत जो दोष निघतो तो याच जातीचा. अशा उपकरणाला लाइन लेव्हलची केबल जात असेल तर घेणाऱ्या टोकाला शील्ड सोडा, पाठवणाऱ्या टोकाला जोडलेली ठेवा. माइकच्या केबलवर मात्र हे करू नका; ४८ व्होल्टच्या फँटमची परतीची वाट शील्डमधूनच आहे.

चुंबकीय हमिंगची ओळख सोपी. गिटार हातात धरून जागेवरच वळा. एका दिशेला आवाज वाढतो, दुसरीकडे जवळजवळ नाहीसा होतो? मग ते ग्राउंडिंग नाही, सिंगल-कॉइल पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पकडतोय. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलट्या दिशेच्या दोन कॉइलचा हमबकर केला तो याच त्रासावर. रॅकमध्येही हेच घडतं: अँपच्या बरोबर वर प्रीअँप बसवलेला असतो. तांब्याच्या शील्डने ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडत नाही, अंतरानेच कमी होतं, तेव्हा दोघांत जागा सोडा. विजेची आणि ऑडिओची केबल एकमेकींना समांतर न नेता, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

हिस

इथे ग्राउंडिंगचा काही संबंध नाही. सिग्नल पहिल्याच टप्प्यावर कमी घेतला आणि पुढे वाढवला की त्याबरोबर मधला सगळा हिस वाढतो. आवश्यक गेन माइक प्रीवरच द्या. +४ डीबीयूच्या (व्यावसायिक पातळीच्या) इनपुटला −१० डीबीव्हीचा सोर्स जोडला तर ११.८ डीबीची तूट पडते, ती पुढे भरून काढताना हिस वर येतो. मॉनिटर स्पीकर शांततेत सूं करत असतील तर त्यांच्या पाठीवरचा इनपुट ट्रिम खाली करून इंटरफेसचं आउटपुट वर करा.

शूर एसएम७बी सारखा माइक असेल तर त्याची सेन्सिटिव्हिटी −५९ डीबीव्ही, म्हणजे १ पास्कलला १.१२ मिलिव्होल्ट. कंपनीच किमान ६० डीबी गेन सांगते. 'महाग प्रीअँप घेऊ का' असं विचारण्याआधी हे बघा: १५० ओहमचा सोर्स सामान्य तापमानाला २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात स्वतःच सुमारे −१३१ डीबीयू नॉइज देतो. तुमच्या प्रीचा ईआयएन (इनपुटला धरून मोजलेला नॉइज) −१२८ असेल तर जगातला सर्वोत्तम प्री घेऊनही फार तर ३ डीबी मिळतील. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं तर ६ डीबी मिळतात, फुकट. एक अडचण: अंतर कमी केलं की 'प' आणि 'फ'ची हवा माइकवर आपटते, पॉप फिल्टर लावा.

खरखर, टिकटिक

केबल हलवल्यावर कडकड झाली तर जॅकच्या मानेजवळ तार तुटली आहे. तिथून दोन इंच कापून नवा जॅक लावा. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब पंधरा-वीस वेळा फिरवा. महिन्याभरात तीच खरखर परत आली तर नॉब घाण नाही. बहुधा त्याच्या मागचा कपलिंग कपॅसिटर गळतोय आणि नॉबवर डीसी येतोय. क्लीनरचे आणखी दोन डबे रिकामे करून उपयोग नाही, कपॅसिटर बदला.

डिजिटलमध्ये अनियमित तडतड आली तर बफर वाढवा. ४८ किलोहर्ट्झला ६४ सँपलचा बफर म्हणजे १.३३ मिलिसेकंद, तेवढ्यात कॉम्प्युटरला सगळं उरकायचं असतं. २५६ केला की ५.३३ मिलिसेकंद मिळतात. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करून फरक पडतो का तेही पाहा, दोषी ड्रायव्हर बऱ्याचदा तिथलाच निघतो. ठरावीक अंतराने एकसारखी टिक येत असेल तर बफरला हात लावू नका. एडॅट किंवा एसपीडीआयएफ या डिजिटल जोडण्यांनी जोडलेली दोन उपकरणं दोन्ही 'इंटरनल' क्लॉकवर चालू असतील, एकाला मास्टर ठेवा आणि दुसऱ्याला बाहेरचं क्लॉक घ्यायला सांगा.

रेकॉर्डिंग आधीच झालंय आणि हमिंग त्यात बसलंय, असं असेल तर ८० हर्ट्झचा हाय-पास लावून समाधान मानू नका. १००, १५०, २०० तसेच राहतात. ५० पासून वर प्रत्येक पटीवर अगदी अरुंद नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावा, पाच-सहा पुरे होतात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बहुधा याच पट्ट्यात असतो, म्हणून नॉच रुंद केला की आवाज पोकळ वाटायला लागतो. तेवढ्यावर थांबा.